पांढऱ्या गाळण्यांचे राज्य

फार जुन्या काळी, जेव्हा डोंगरांना नावे होती पण राज्यांच्या सीमा कोणी आखल्या नव्हत्या, तेव्हा एका खोऱ्यात एक राज्य होते. त्या राज्यात तांबे वितळवत. भट्टीला भट्टी लागून होती. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये परातीसारखे खोलगट खोरे. धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. तो तिथेच राही. माणसे तो श्वासाबरोबर आत घेत आणि खोकल्याबरोबर बाहेर टाकत.

लहान मुले दगावू लागली, तेव्हा लोक राजवाड्यापुढे जमले. राजा दुष्ट नव्हता. त्याला फक्त हा विषय लवकर संपवायचा होता. त्याने आज्ञा काढली: प्रत्येक भट्टीवाल्याने धुराड्यासाठी पांढऱ्या लोकरीची जाड गाळणी विकत घ्यावी. दर खंडेनवमीला, ज्या दिवशी सगळे आपापली हत्यारे पुजतात, ती दरबारात आणून दाखवावी. ज्याची गाळणी नीटनेटकी त्याला शाल, ज्याची खराब त्याच्या भट्टीला टाळे.

गाळण्या विणून विकण्याचा मक्ता एका शेटजींना मिळाला.

गाळणी खरोखर चांगली होती. हे सांगणे आवश्यक आहे, कारण दोष तिचा नव्हता. ती काजळी अडवत असे. पण काजळी अडली की गाळणी जड होई, धुराड्याची ओढ मंदावे आणि आग मरगळे. म्हणून ती रोज उतरवून झटकावी लागे आणि झटकलेली काजळी खड्ड्यात पुरावी लागे. तेवढ्या वेळात तांबे वितळत नसे. भट्टीवाल्यांनी यावर फार विचार केला नाही. त्यांनी गाळणी पेटीत ठेवून दिली. खंडेनवमीला तिच्यावर फुले वाहायची, ती दरबारात न्यायची, शाल घ्यायची आणि तिला पुन्हा पेटीत घालायची.

गाळण्यांचा खप मात्र वाढत गेला. धुरावर उपाय सापडला आहे म्हटल्यावर नव्या भट्ट्यांना परवानगी द्यायला हरकत उरली नाही, आणि प्रत्येक नव्या भट्टीमागे एक नवी गाळणी खपू लागली.

"गाळण्यांची विक्री गेल्या वर्षीच्या दुप्पट!" प्रधान दरबारात जाहीर करी. "महाराज, हवेची एवढी काळजी दुसरे कोणते राज्य घेते?"

दरबार टाळ्या वाजवी. टाळ्यांमधून खोकल्याचे आवाज येत. त्यांची वाढ कोणी जाहीर केली नाही.

भट्ट्यांच्या त्या रांगेत एका विधवेची भट्टी होती. तिचा नवरा मागच्या खंडेनवमीनंतर याच धुराने गेला होता. मागे राहिली होती लहानगी ठकू. आडवी झाली की ठकूला श्वास मिळेनासा होई, म्हणून ती भिंतीला टेकून झोपे. तेव्हापासून ही बाई गाळणी रोज धुराड्यावर चढवी, रोज उतरवी, झटके, काजळी पुरी, फाटली तर ठिगळ लावी. तिच्या भट्टीत तांबे सगळ्यांपेक्षा कमी निघे.

"काय गं, हवा झाडतेस का रोज?" शेजारचा भट्टीवाला हसून विचारी.

"माझ्या वाट्याची झाडते. तुमच्या वाट्याची माझी पोर पिते आहे, तुम्ही ती कधी झाडणार ते सांगा."

खंडेनवमी आली. दरबारात शुभ्र गाळण्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्या शेवटी विधवेने आपली ठेवली. ती काळी होती आणि तिला ठिकठिकाणी ठिगळे होती.

प्रधानाने ती दोन बोटांनी उचलली. "बाई, दरबारात यायचे म्हणून चुलीजवळचे पोतेरे उचलून आणलेस की काय?"

सगळे हसले. प्रधानाने तिच्या भट्टीला टाळे लावण्याचा हुकूम दिला.

तेवढ्यात शेटजी तिच्या कानाशी लागले. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडून दुसरी घ्या. एक टांगायला, एक दाखवायला. तुमचे टाळे निघेल, माझी एक जास्त खपेल. राज्याची भरभराटच नाही का?"

"शेटजी, मोठ्याने बोला," ती म्हणाली. "महाराजांनाही ऐकू दे."

शेटजी मागे सरकले. प्रधान गरजला, "त्या उर्मट बाईचे ते पोतेरे इथेच धुवा! सगळ्यांना दिसू दे तिची घाण."

पाण्याने भरलेले घंगाळ आले. गाळणी बुडवताच पाणी शाईसारखे काळे झाले. दरबार पुन्हा हसला.

"माझी धुतलीत," विधवा म्हणाली. "आता त्यांच्याही धुवा."

भट्टीवाले एकमेकांकडे पाहू लागले. राजाला कुतूहल वाटले. "धुवा की. ज्यांनी शाली घेतल्या त्यांना भीती कसली?"

दुसरे घंगाळ आले. एकेक गाळणी त्यात बुडवून पिळली गेली. शेवटची निघाली, तरी पाणी जसेच्या तसे निवळ. राजा वाकला, तर त्याला त्यात आपला चेहरा दिसला.

"पाहिलेत, महाराज?" ती संतापाने म्हणाली. "वर्षभर धुरात टांगलेली लोकर पांढरी राहते का? पेटीतली राहते! या गाळण्यांनी जी काजळी अडवली नाही, ती गेली कुठे? माझ्या ठकूला विचारू नका. तिला बोलण्याइतका दम नाही."

उत्तर देण्यासाठी राजाने तोंड उघडले, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो घंगाळावर वाकलेलाच होता. त्याचा बेडका पाण्यात पडला. एवढ्या निवळ पाण्यात तेवढीच एक गोष्ट काळी होती.



राजाला त्या क्षणी सगळे कळले. न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता. म्हणूनच त्याने पुढे जे केले त्याला क्षमा नाही.

शेटजी पुढे आले होते. अदबीने वाकून म्हणाले, "महाराज, आपल्याकडे उत्तम रुमालही आहेत."

राजाने रुमाल घेतला, तोंड पुसले आणि सिंहासनावर जाऊन बसला. प्रधानाने नवी आज्ञा वाचली: प्रत्येक प्रजाजनाने एक पांढरा रुमाल विकत घ्यावा. विधवेच्या भट्टीचे टाळे कायम राहिले.

तिने सामान बांधले नाही. ठकूला पाठीवर घेतले आणि डोंगर चढू लागली. वाटेत पुष्कळदा थांबावे लागले. माथ्यावर पोहोचल्या तेव्हा पलीकडून वारा आला. ठकूने मान वर केली.

"आई, हा कसला वास गं?"

"कसलाच नाही, बाळ. हवा अशीच असते."

त्या परत फिरल्या नाहीत.

पुढल्या खंडेनवमीला प्रधानाने रुमालांची विक्री तिप्पट झाल्याचे जाहीर केले. टाळ्या कमी पडल्या, कारण हातच कमी होते. त्यानंतरच्या वर्षी जाहीर करायला प्रधान उरला नाही. मग शेटजी गेले, मग राजा. सिंहासनावर राजाची शाल उरली होती आणि शालीत तो रुमाल. तो तेवढा एक पांढरा राहिला नव्हता. भट्ट्या एकामागून एक विझल्या, कारण त्या पेटवायला माणूस राहिला नाही.

खूप वर्षांनी काही वाटसरू त्या खोऱ्यात उतरले. घरोघरी त्यांना लाकडी पेट्या सापडल्या. प्रत्येक पेटीत वाळलेली फुले होती, आणि फुलांखाली एक गाळणी, विणली त्या दिवशी होती तितकीच शुभ्र.

तात्पर्य: उपाय किती विकला गेला हे मोजणाऱ्या आणि अपाय किती थांबला हे न मोजणाऱ्या राज्याचा नाश त्याच्याच भरभराटीत होतो.