दुसऱ्या सीटचा पट्टा

“पण मोटारीचं इंजिन विमानाला का चालू नये, मास्तर? एवढंच मला सांगा.”

जयवंतभाऊजींनी असं विचारलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या शेडच्या दारात उभी होते. वृंदाने पाठवलाय, असं मी त्यांच्या बायकोचं नाव पुढे केलं. खरं तर चहा माझ्याच घरचा होता. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. पलीकडे इनामदार मास्तर आलेले दिसले आणि मला काही घरात बसवेना.

हमीद इनामदार मास्तर विमानाच्या कारखान्यात शिकाऊ मुलांना इंजिन शिकवायचे. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. जयवंत टिपणीस हे त्यांचेच विद्यार्थी. सगळ्यांत हुशार, आणि सगळ्यांत ताठ. मास्तर आपल्याला नावं ठेवू शकत नाहीत, असं ते आम्हा शेजाऱ्यांनाही ऐकवायचे.

मास्तरांनी कप घेतला. बशीत चहा ओतला.

“चालू नये असं कुठं म्हटलं मी? चालतं. लोक उडवतात.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? मोटार घाट चढते तेव्हा इंजिनाला जोर लागतो. मग उतार येतो, सिग्नल येतो, ते जरा दम खातं. विमानात तो घाट संपत नाही, जयवंता. आणि बंद पडलं, तर बाजूला घ्यायला रस्त्याची कड नसते.”

“ते मला कळतं. रेडिएटर मोठा घेतलाय. ठिणगीची सोय दुहेरी केलीय, एक गेली तरी दुसरी आहे. गिअर लावून पंख्याचा वेग उतरवलाय. अजून काय पाहिजे?”

मास्तरांनी कप ट्रेमध्ये ठेवला. विमानाकडे बघत राहिले.

विमान म्हणजे आपण विमानतळावर बघतो तसलं नव्हे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंच. नाकाला लाकडी पंखा, त्याच्या मागे ते इंजिन. इंजिन चालू केल्यावर पळू नये म्हणून शेपटी शेडबाहेर मागे असलेल्या कडुनिंबाला साखळीने बांधलेली.

इंजिन त्यांच्या जुन्या लाल मोटारीचं होतं. त्यांनी आणि सौमित्रने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सुट्ट्यांमध्ये ते सगळं सुटं करून पुन्हा जोडलं होतं. बापलेकांची भांडणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. तो पाना दे म्हणायचा, हे म्हणायचे आधी हात पूस.

त्याच मोटारीत सौमित्र गेला. घाटात मागून ट्रकने धडक दिली. मागची बाजू राहिलीच नाही. लोक धावत गेले तेव्हा पुढचं इंजिन चालूच होतं, म्हणे.

तेव्हापासून भाऊजी आमच्याशी फारसं बोलत नव्हते. शेडमध्ये हे विमान बांधत असायचे. वृंदाने खूप विनवलं, रडली, अबोला धरला. शेवटी एवढंच म्हणाली की मास्तर हो म्हणाले तर मी आडवी येणार नाही. म्हणून मास्तरांना बोलावलेलं. आज त्यांच्या तोंडून हो निघालं, की भाऊजी एकटे वर जाणार होते.

“आत उघडून पाहिलंस?” मास्तरांनी विचारलं.

“काय?”

“इंजिन. धडकेनंतर.”

“पुढच्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता.”

“मी ते नाही विचारलं.”

“...नाही उघडलं. सुरळीत चालतंय, उघडायचं कशाला?”

“मार खाल्लेलं इंजिन उघडून बघितल्याशिवाय बसवायचं नाही. हे तुला पहिल्याच वर्षी कोणी शिकवलं?”

“तुम्हीच.” भाऊजी हसले, पण ते काही खरं हसू नव्हतं. “मास्तर, तुमच्या वेळी आवाज ऐकून कळत नव्हतं. मला कळतं. तुम्ही आधी ऐका तरी.”

“लाव चालू.”

भाऊजींनी मला मागे व्हायला सांगितलं. मी झाले, पण दारातून काही हलले नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मग त्यांनी जोर वाढवत नेला. साखळी ताठ झाली, कडुनिंबाची पानं गळायला लागली, वृंदाने वाळत घातलेली चादर उडून कुंपणावर गेली. मास्तर डोळे मिटून उभे होते. एक हात फक्त विमानाच्या अंगावर ठेवला होता, आजाऱ्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

बऱ्याच वेळाने त्यांनी खूण केली. भाऊजींनी जोर कमी केला. इंजिन हळू फिरत राहिलं. आता बोललेलं ऐकू येत होतं.

“आवाज चांगला आहे,” मास्तर म्हणाले.

भाऊजींचा चेहरा असा उजळला, की मला भीतीच वाटली.

“मग म्हणा हो.”

“म्हणतो ना.”

मास्तरांनी पंख्यापासून लांबून वळसा घेतला. मागच्या बाजूने आले. चप्पल काढून ठेवली आणि या वयात, धाप लागत लागत, विमानात चढले. दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

“मास्तर, तिथं नको.”

“का? मोडेल?”

“मोडणार नाही. पण तिथं कोणी बसत नाही.”

मास्तर कमरेभोवती हाताने चाचपत होते.

“हिला पट्टा नाही?”

“ती रिकामीच राहणार आहे.”

“तुझ्या सीटला तरी कुठंय?”

मी टाचा उंचावून पाहिलं. नव्हताच. एवढं सगळं दुहेरी करणाऱ्या माणसाने पट्टा एकही लावला नव्हता.

“लावायचाय,” भाऊजी म्हणाले. “शेवटी लावणार.”

“लाव. दोन्ही लाव. कारखान्यातली रीत आठवते ना? जो इंजिन पास करेल, तो पहिल्या उड्डाणाला शेजारी बसेल. मग माणसं जपून पास करायची.” मास्तरांनी पाय नीट पसरले. “मी पास करतो. आणि मी येतो.”

“छे. तुम्ही कसे याल?”

“जसा तू येशील तसाच.”

“तुमचं वय बघा, मास्तर. घरी चाची काय म्हणतील?”

“चाचीला मी सांगेन. जयवंतनं बनवलंय म्हटल्यावर ती डबा पण देईल.”

मला हसू आलं. भाऊजींना नाही आलं.

“मी नाही नेणार तुम्हाला.”

“इंजिन चांगलं आहे ना?”

“आहे.”

“खात्री आहे?”

“आहे म्हटलं ना. पण... काही झालंच तर? तुमच्या जिवाची जोखीम मी नाही घेणार.”

“आणि तुझ्या?”

इंजिन फिरत होतं. भाऊजी खाली मातीकडे बघत होते.

“माझं काय,” ते म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. एरवी मी कुणाच्याही बोलण्यात बोलते. त्या वेळी मी फक्त ट्रे खाली ठेवला.

मास्तर रागावले नाहीत. समजावलंही नाही. शेजारच्या सीटवर हाताने दोनदा थोपटलं. भाऊजी चढले आणि मास्तरांच्या शेजारी बसले. दोघं समोर बघत होते. समोर शेडची पत्र्याची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

“मी जाऊन वृंदाला हो म्हणून सांगू?” मास्तरांनी विचारलं.

भाऊजी हातावरचं तेल पुसत राहिले.

“तू सांगशील तसं सांगतो. तू माझा विद्यार्थी आहेस. तुझ्या शब्दावर मी हो म्हणेन.”

“...नका सांगू.”

“बरं.”

मग मास्तर म्हणाले, “उघडलं का नाहीस रे?”

“शेवटचे नट त्यानं आवळलेत.” भाऊजींचा आवाज फाटला. “इंजिनाच्या डोक्यावरचे, हेडचे. मी हात घालायला गेलो, तर मला म्हणाला, बाबा, तुम्ही हात नका लावू, मी करतो. एकेक आवळत होता आणि माझ्याकडे बघत होता... बरोबर आहे ना, बाबा? बरोबर आहे ना? मी एकदाही बरोबर आहे म्हटलं नाही, मास्तर. म्हटलं, बघू, चालवल्यावर कळेल.”

मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत कडुनिंबाची पानं अडकली होती, ती एकेक काढली.

“बंद कर,” ते म्हणाले.

“थांबेल ते.”

“हो.”

“त्या दिवशी पण कोणीतरी परक्यानं बंद केलं. किल्ली फिरवून.”

“आज तू कर.”

भाऊजींचा हात पुढे गेला, मागे आला. पुन्हा गेला. त्यांनी बटण खाली केलं. पंखा दोन-चार फेरे तसाच फिरला, मग एक हिसका देऊन उभा राहिला.

घराचं मागचं दार उघडलं. वृंदा बाहेर आली होती. रोज ते इंजिन असं मध्येच कधी थांबत नसे, म्हणून धावतच आली असावी. ओल्या हातांनी उंबऱ्याशी उभी राहिली. नवऱ्याला विमानात बसलेलं पाहिलं, मास्तरांना पाहिलं, मला पाहिलं. मी मानेने नाही म्हटलं. काय नाही ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पण तिला कळलं. ती दाराला टेकून खाली बसली.

भाऊजींनी तिला पाहिलं आणि एकदम विमानातून उतरले.

“उघडतो,” ते म्हणाले. “आत्ताच उघडतो. तडा असेल तर दिसेल. नसेल तरी...”

त्यांनी भिंतीवरचा पाना ओढून काढला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पुसायचंही भान नव्हतं. पाना थेट इंजिनावर टेकवला. तापलेल्या तेलाचा वास सगळ्या शेडभर होता. माझ्या तोंडून अहो, अहो, एवढंच निघालं.

मास्तर कसेबसे उतरले, तसेच अनवाणी पुढे आले. त्यांनी भाऊजींचं मनगट धरलं. पाना हातातून हळूच सोडवून घेतला.

“गरम आहे, जयवंता... निवू दे.”