अनुत्तम

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. शिकारीच्या नादात तो काळडोंगराच्या गुहेत शिरला आणि मेलेल्या मांत्रिकाच्या खजिन्याला त्याने हात लावला. तत्क्षणी त्याचे पाय दगडाचे झाले.

त्याची राणी मंदारिका पंखांच्या घोडीवरून उडत तिथे पोचली. ही घोडी तिने शिंगरू असल्यापासून आपल्या हाताने वाढवली होती. गुहेच्या तोंडाशी एक भारद्वाज पक्षी राखणीला बसला होता.

"शाप कसा उतरेल?" राणीने विचारले.

"आपल्याजवळची अनुत्तम वस्तू खजिन्याला दे," पक्षी म्हणाला.

राणी महाली परतली. राजपंडिताने शब्द फोडून दाखवला. "अन् म्हणजे नाही. जे उत्तम नाही ते अनुत्तम. काहीतरी टाकाऊ द्यावे."

राणीने फुटका माठ नेला.

"हे नव्हे," पक्षी म्हणाला, आणि राजा कमरेपर्यंत दगड झाला.

राणी महाली आली तेव्हा पंडित म्हणाला, "माठ पुरेसा टाकाऊ नसावा." मग राणीने उंदरांनी कुरतडलेले जोडे नेले.

"हेही नव्हे." दगड छातीशी आला.

राणीचे डोके फिरले. "याहून वाईट मी आणू तरी काय? राज्यातले उकिरडे पालथे घातले. तू अर्थ का सांगत नाहीस?"

"तू अर्थ पंडिताला विचारलास. मला नाही."

"मंदारिके," राजा त्रासून म्हणाला, "आता तरी विचार. दगड गळ्याशी येतो आहे."

राणीने दात आवळले. "सांग. अनुत्तम म्हणजे काय?"

"ज्याला नाथ नाही तो अनाथ. तसे, ज्याहून उत्तम दुसरे नाही ते अनुत्तम."

पंडित समोर असता तर राणीने त्याची शेंडीच उपटली असती. तिने गळ्यातला नवरत्नांचा हार काढला, पण तो पुढे करताना तिचा हात अडला. हे नव्हे, हे पक्ष्याला सांगावे लागले नाही.

तिने घोडीच्या पाठीवरचे खोगीर उतरवले, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि लगाम सोडून दिला. घोडी आपल्या पायांनी गुहेत गेली आणि खजिन्याशेजारी सोन्याची होऊन उभी राहिली. पक्षी उडून गेला. राजाच्या अंगावरचा दगड मातीसारखा गळून पडला.

दोघे डोंगर पायी उतरले. खोगीर राजाने कोणा सेवकाकडे दिले नाही. राजधानीच्या वेशीतून तो ते आपल्याच खांद्यावर घेऊन आत आला.