लावलेला हात

"मदत आणि उपकार यांतला फरक उद्या दरबारात दाखव, नाहीतर माझ्या कुरणातलं गवत तुला बंद!" एवढं बोलून मणिसेन राजाने घोड्याला टाच मारली.

झालं होतं इतकंच. म्हातारे बाळोबा गवताचा भारा बांधून, डोक्यावर चढवायला कुणी हात लावतं का, याची वाट बघत होते. राजा फिरायला आला होता. लहर आली, त्याने हात लावला. बाळोबा म्हणाले, "मदत झाली, महाराज," आणि चालू लागले.

राजाला ते झोंबलं. "उपकार झाले म्हण!"

"हात लावण्यात उपकार कसला, महाराज?"

कुरण गेलं की चूल विझणार. बाळोबा घरी येऊन जेवलेही नाहीत. नवी सून गिरजा हे बघत होती. अंगाची हळद अजून उतरायची होती, ती फारसं बोलत नसे. ताट झाकून म्हणाली, "मामंजी, उद्या दरबारात मी जाते. भारा तेवढा मोठा बांधा."

दुसऱ्या दिवशी बाळोबांची सून भारा घेऊन दरबारात आली. राजाने तिला विचारलं, "बोल, काय फरक?"

"बोलून नाही कळायचा, महाराज. त्यासाठी भारा स्वतःच्या डोक्यावर घ्यावा लागतो."

"महाराजांच्या डोक्यावर गवत?" प्रधान किंचाळले.

"आण इकडे!" राजा हट्टाला पेटला. "गवतच आहे ना?"

मुकुट प्रधानांकडे गेला, डोक्यावर चुंबळ आली. राजाने भारा मांडीपर्यंत आणला, तिथून तो परत खाली गेला. दुसऱ्या खेपेला भाऱ्याबरोबर राजाही गेला. अख्खा दरबार छताची नक्षी बघू लागला.

"अगं, बघतेस काय? हात लाव!"

गिरजाने हात लावला. भारा चढला. पण तिचा हात भाऱ्यावरच राहिला. राजा चालला, तीही चालली.

"सेनापती, मी हात लावला हं महाराजांना!"

"पुरोहितबुवा, मी होते म्हणून चढला, नाहीतर बसले असते खाली!"

राजा वळला, तीही वळली. "प्रधानजी, तुम्ही ऐकलंत ना? मीच..."

"अगं बाई, चढला ना भारा! आता तरी काढ तो हात!"

"काढला असता, महाराज," गिरजा शांतपणे म्हणाली. "पण काढला तर ती मदत होईल. तुम्हाला उपकार हवाय ना?"

राजा थबकला. मग असा खदखदून हसला, की भारा घरंगळून थेट प्रधानांच्या पायावर!

"कुरण बाळोबांचं! आणि या पोरीला जरीचं लुगडं द्या!"

लुगडं काखेत मारून गिरजा भाऱ्यापाशी उभी राहिली. राजा स्वतः पुढे आला, भारा तिच्या डोक्यावर चढवला आणि दोन्ही हात चटकन पाठीमागे लपवले.

"मदत झाली, महाराज," गिरजा म्हणाली आणि घराकडे निघाली.