बुडावरचं नाव

फार जुनी गोष्ट. द्वारकाकाकूंच्या फळीवर लोणच्याची एक बरणी होती. परदेशातून येणाऱ्या भांड्यावर त्याच्या देशाचं नाव हवंच, असा नियम होता. बरणीच्या ते बुडावर होतं. ती कधी रिकामी झाली नव्हती, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

एकदा लोणचं संपलं. काकूंनी बरणी धुऊन पालथी घातली. शेजारचा तांब्या ओरडला, "अरे, ही तर परकी!"

"इतकी वर्षं या घरचंच लोणचं सांभाळलं ना मी?" बरणी म्हणाली. पण फळीवर कुणी तिच्याशी बोलेना.

नवं लोणचं भरल्यावर बरणीने झाकण घट्ट आवळून धरलं. रिकामी झाले की पुन्हा पालथी घालतील, याची तिला धास्ती. काकूंनी जोर लावला, तशी ती हातातून निसटली.

तिचे तुकडे तुकडे झाले. बूड तेवढं शाबूत राहिलं, नाव वर करून.