राखून ठेवलेली पायरी

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे कुणालाच आठवत नाही. पण सांगायला बसलं की मला अजून राग येतो, आणि ऐकून तुम्हालाही थोडा यावा अशी माझी इच्छा आहे.

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावच्या चावडीला दगडी पायऱ्या होत्या आणि माणसं त्यांवर वयाप्रमाणे बसत. सगळ्यांत खाली लेकरं, त्यांच्यावर पोरंपोरी, मग संसारी माणसं आणि अगदी वर म्हातारे. चावडीत बोलायचं ते वरच्यांनी. पोरंपोरींनी तोंड उघडायचं नाही.

इथवर ठीक आहे, असं काहीबाही सगळीकडे असतं. पण या गावाची आणखी एक रीत होती. कुणी गाव सोडून गेलं, की त्याची पायरीवरची जागा राखून ठेवायची. रोज झाडायची. तो परत आला की त्याला त्याच जागेवर बसवायचं, कारण बाहेर काढलेली वर्षं झालीच नाहीत असं हे लोक धरत. केस पिकवून आला तरी तो गेला तेव्हाचा पोरगाच. आणि वर गाव छाती फुगवून सांगे, "आम्ही कुणाची जागा घालवत नाही." म्हणजे बघा, उपकार केल्यासारखं.

त्या गावात तात्या तेली होता. त्याचा बैलाचा घाणा होता आणि चंद्री नावाची एकुलती एक मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली. मुलगी हुशार, पण राग नाकाच्या शेंड्यावर. काही चांगलं केलं तर लोक म्हणत, तेल्याची पोर आहे ना. काही बिघडवलं तरी तेच. शेवटी एकदा बापाशी कडाक्याचं भांडण झालं. तिने तेलाचा भरलेला बुधला अंगणात आपटला आणि म्हणाली, "मी तेल्याची पोर सोडून आणखी कोण आहे, ते बघून येते." आणि गेली.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. जगाने तिला ते नीट दाखवून दिलं. खाली नदीच्या घाटावर तिने पहिलं काम धरलं ते उद्धटपणा करून घालवलं. दुसरंही घालवलं. भूक लागली की माणूस ऐकायला शिकतो, तशी ती शिकली. एका नावाड्याशी तिने लग्न केलं, त्याच्याबरोबर वल्ही मारली. त्यांना शेवंती नावाची मुलगी झाली. मग एका पुरात नावाडी गेला, आणि नाव, घर, लेक सगळं तिने एकटीने ओढलं. घाटावरचे लोक तिला चंद्राबाई म्हणत. दोघांचं भांडण लागलं की तिसरा तिला बोलावून आणत असे.

मग डोंगरावरून आलेल्या एका फिरस्त्याकडून कळलं, तात्या थकलाय, हाताला कंप सुटलाय. तिने नाव शेजाऱ्याच्या हवाली केली आणि लेकीचा हात धरून डोंगर चढली.

तात्या दारातच बसला होता. ती पाया पडली आणि म्हणाली, "तात्या, माझं चुकलं. थोडं तुमचंही चुकलं होतं."

तात्याला हसू आलं आणि रडूही. "थोडं कसलं," तो म्हणाला. "आत ये."

बापलेकीचं एवढ्यात मिटलं. पण गाव मिटू देईल तर ते गाव कसलं!

दुसऱ्या दिवशी चावडीत चंद्राबाईला पोरींच्या पायरीवर बसवलं. शेजारच्या पोरी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या आणि मधे ही, केसात रुपेरी बट असलेली बाई. तिने नवऱ्याचं नाव काढलं, तर पाटील म्हणाले, "तुझं लग्न झालेलं नाही." म्हणजे ज्याच्यासाठी ती रडली तो माणूस कधी नव्हताच.

आणि शेवंती? ती तर जन्मलीच नव्हती. मग तिचं बारसं करायला हवं. दुधाचे दात पडलेली ती पोर बायकांनी धरून पाळण्यात घातली. गुडघ्यापासूनचे पाय बाहेर लोंबकळत होते. बायका मनापासून पाळणा म्हणत होत्या आणि पोर विचारत होती, "आई, मी आजारी आहे का?" हसावं की डोकं आपटून घ्यावं ते सांगा.

चंद्राबाईने हे सगळं गिळलं. पूर्वीची चंद्री असती तर पाळणा मोडून त्याचं सरपण केलं असतं. ही घरी आली, बापाला गरम पेज दिली आणि घाण्याला बैल जुंपला. तिला एकच गोष्ट हवी होती. बापाचं उरलेलं आयुष्य त्याच्या घरात, त्याच्या घाण्याशेजारी जावं.

पण तात्याच्या धाकट्या भावाची, रावजीची, त्या घाण्यावर नजर होती. त्याने चावडीत विषय काढला. तात्या थकला, घरात कर्तं माणूस नाही, तेव्हा रीतीप्रमाणे घाणा भाऊबंदांनी चालवावा आणि तात्याचे घरोघरी वार लावून द्यावेत. आज इथे जेवायचं, उद्या तिथे. ज्याने गावाच्या दिव्यांना जन्मभर तेल पुरवलं, त्याने आता ताट घेऊन दारोदार फिरायचं. बोलताना रावजीची जीभही अडखळली नाही.

चंद्राबाई उठली. "कर्तं माणूस आहे. मी आहे. घाणा मीच चालवतेय."

"खाली बस पोरी," पाटील म्हणाले. "तुझी पायरी बोलायची नाही."

ती बसली. पण सगळ्यांत वरच्या पायरीवरून तात्या बोलला. "रावजी, ही गेली तेव्हा घाणा कोण चालवत होतं?"

"तूच की."

"तेव्हा मी धडधाकट होतो?"

"होतास."

"मग तेव्हापासूनची वर्षं झालीच नाहीत, तर मी म्हातारा कधी झालो?"

पाटील मधे पडले. "तू गावात होतास. तुझी वर्षं मोजलेली आहेत."

"माझी मोजलीत, आणि माझ्या लेकीची नाहीत," तात्या म्हणाला. "ती गेल्यापासून तुम्ही रोज तिची पायरी झाडलीत. मीही झाडली. पण ती कुठे आहे, जेवली का, जिवंत आहे का, हे बघायला आपल्यातला एकजण डोंगर उतरला नाही. आपल्याला दगडाची काळजी होती. लाज वाटते मला."

"रीत बदलणार नाही," पाटील म्हणाले.

"मग मी बदलतो." तात्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. कुणीतरी कुजबुजलं, म्हातारा पोरींच्या पायरीवर बसणार वाटतं. तो बसला नाही. त्याने लेकीपुढे हात केला. "चल चंद्राबाई, तुझ्या घरी जाऊ."

त्या गावात तिला त्या नावाने हाक मारणारा तो पहिला माणूस.

आधी सामान घ्यायला गावातल्या घरी आल्यावर तात्याचा संताप अनावर झाला. "रावजीसाठी कशाला ठेवू? घाणा जाळूनच जातो." चंद्राबाईने त्याच्या हातातलं जळतं लाकूड काढून घेतलं. "नको तात्या. मी मागच्या वेळी बुधला फोडून गेले, त्याने मला काही मिळालं नाही." राग तिलाही आला होता. तरी तिने बैलाला वैरण घातली, घाणा पुसला आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या रावजीला सांगितलं, "काका, बैलाचा डावा खांदा सोललाय. जरा जपून जुंपा." मग तिघं डोंगर उतरली. तात्या घाटावर लेकीच्या घरात राहिला, पोटभर जेवला आणि नातीकडून नाव वल्हवायला शिकला.

रावजीला घाणा मिळाला. पण चावडीत घडलं ते तरुण पोरांनी पाहिलं होतं. जी गेली ती परतली नाहीत. रावजीचा मुलगा भिवाही गेला. पुष्कळ वर्षांनी तो बायकापोरांसह माघारी निघाला, आणि घाटावर चंद्राबाईच्या ओसरीवर येऊन थांबला, तो पुढे गेलाच नाही. बातमी कळताच रावजी धापा टाकत डोंगर उतरला.

"भिवा, घरी चल बाळा. तुझी पायरी मी रोज झाडतो."

"बाबा, त्या पायरीवर मी आता मावत नाही," भिवा म्हणाला. "तुम्हीच इथे राहा."

चंद्राबाईने रावजीला पाणी दिलं, चटई टाकली. "राहा काका. जागा आहे."

रावजीने मुलाकडे बघितलं, कधी न पाहिलेल्या नातवंडांकडे बघितलं. आणि मग त्याच्या मनात आलं, आपण इथे राहिलो तर आपली वर्षं मोजली जाणार नाहीत. आता थोडक्यावर आलेली सगळ्यांत वरची पायरी कधीच मिळणार नाही. त्याने भांडं खाली ठेवलं आणि तो एकटाच डोंगर चढून गेला.

बोध: घर सोडून मोठा होऊन आलेल्याला जे जुन्याच मापाने मोजतात, ते त्याची जागा राखतात आणि माणूस गमावतात.