पाचवी ओळ नसलेला दगड

जपानच्या किनाऱ्यावरील नागिहामा गावाच्या मागे टेकडी आहे. एकशे चाळीस पायऱ्या चढल्या की कमरेएवढा काळा दगड लागतो. त्यावर कवितेच्या चार ओळी कोरल्या आहेत. पाचव्या ओळीची जागा घासून गुळगुळीत केलेली, पण कोरी. तिकडची ही कविता पाच ओळींची असते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते, कारागीर काम अर्धे टाकून गेला. वाट दाखवणारे वृद्ध साकुजिरो आधी तसे वाटू देतात, मग सांगू लागतात.

फार पूर्वी समुद्र गावात शिरला आणि निम्मी माणसे घेऊन गेला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या मृतांसाठी एक कविता मंदिरात आणली. कुणाच्या कवितेत भिजलेली चटई होती, कुणाच्या रिकामी होडी. समुद्राचे पाणी आटवून मीठ काढणाऱ्या किनूची एकुलती मुलगी गेली होती. पण तिच्या कवितेत मुलगी नव्हतीच. लाटेच्या आदल्या दिवशी विहिरीचे पाणी दोन हात उतरले होते, एवढेच होते.

"पोर गेली आणि ही विहीर मोजतेय," गावचा मुखिया तोकुबेई म्हणाला. "आधी दिसलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"तेव्हा कळलं नव्हतं," किनू म्हणाली. "आता विहिरीवर लक्ष ठेवा."

कुणी ऐकले नाही. हिनेच समुद्राला बोलावले, अशी कुजबुज झाली आणि तिला टेकडीवर हाकलले. ती रोज खाली येऊन विहिरीत दोर सोडी आणि झोपडीपुढच्या झाडाला नवी कविता बांधी. त्या कवितेत काही मंत्रतंत्र तर नाही ना, हे बघायला गावकरी पाळीपाळीने वर जात.

अकराव्या वर्षी एका संध्याकाळी कागदावर चारच ओळी होत्या, असे सांगतात:

विहिरीतले
पाणी पुन्हा उतरे
दोर सांगतो
उद्या सकाळी इथे

"उद्या इथे काय?" लोक विचारू लागले.

"पाचवी ओळ दडवलीय तिनं," तोकुबेई म्हणाला. "सकाळी सगळेच जाऊ. एकट्यादुकट्याला गुंडाळेल ती."

सकाळी सारा गाव वर गेला. मागे राहिली फक्त तोकुबेईची अंथरुणाला खिळलेली आई. झोपडी रिकामी होती. खाली पाहतात तो किनू तोकुबेईच्या घरातून पाठीवर गाठोडे घेऊन निघालेली.

"बघा, आपल्याला वर पाठवून घर धुऊन नेतेय," म्हणत तोकुबेई पायऱ्या उतरत धावला. जवळ गेल्यावर गोधडीतून पांढरे केस दिसले. किनूने म्हातारीला त्याच्या पाठीवर दिले. तो वर वळला, आणि लाटेने खालच्या पायरीवरून किनूला नेले.

वाटेत किनूने म्हातारीला पाचवी ओळ सांगितली होती, म्हणे. लोकांनी खूप विचारले. म्हातारी म्हणाली, "सांगितली, तर पुढच्या वर्षी वर कोण येईल?"

मरताना तिने ती एकाच कुणाला तरी सांगितली. कुणाला, ते कळले नाही; तेव्हापासून ती अशीच एकाकडून एकाकडे येते, म्हणतात.

आजही दरवर्षी त्या लाटेच्या दिवशी आधी म्हातारीकोतारी पाठीवर बसून वर येतात, मागून सारा गाव. चार ओळी म्हणून होतात. मग सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघत राहतात. आपण नसताना पाचवी ओळ कुणी म्हणून टाकेल, या संशयाने त्या सकाळी खाली एकही माणूस थांबत नाही.