खुळखुळेवाल्याची वेबसाइट

बोरखेड गावात महिपती नावाचा एक भोळा खुळखुळेवाला होता. बापूमास्तरांच्या ब्रास बँडमध्ये तो सगळ्यांत मागे उभा राहून खुळखुळा हलवायचा. तेवढंच त्याला जमायचं, आणि तेही दर वेळी नाही. मास्तरांचा सख्खा पुतण्या, म्हणून निभावत होतं.

मास्तर क्लॅरिनेट असं वाजवायचे की घोडासुद्धा मान डोलवायचा. पण पंचक्रोशीत डीजे शिरला आणि लोकांना बँड नकोसा झाला. त्यातच कळलं की साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या मुलीचं लग्न आहे, आणि साहेबांना डीजेचा दणदणाट सोसत नाही.

मास्तर म्हणाले, "महिपती, हे लग्न मिळालं तर आपला बँड जगला. नाहीतर ढोल-ताशे मोडीत घालायची वेळ आली बघ. साहेब हल्ली सगळं वेबसाइट बघून ठरवतात म्हणे. तू दिवसभर मोबाइलला चिकटलेला असतोस. तूच कर वेबसाइट."

आता बोला! जो मोबाइलला चिकटलेला, त्याला मोबाइल कळतो, असं आपल्याकडे भल्याभल्यांना वाटतं.

"हात्तिच्या, एवढंच ना!" महिपती म्हणाला. एक फुकटचं तयार पान घेतलं, त्यावर मास्तरांचा फोटो आणि फोन नंबर टाकला, आणि पुण्याला आतेभावाला फोन लावला. हा सुहासदादा कॉम्प्युटर कंपनीत होता आणि कायम मीटिंगमध्ये असायचा.

"नुसतं पान काय कामाचं? प्लगिन जोड," सुहासदादा म्हणाला. "वेबसाइटला वरून लावायच्या तयार सोयी असतात त्या. ज्याला जास्त स्टार, ते घ्यायचं. ठेवतो, मीटिंग आहे."

महिपतीनं पाच-पाच स्टारवाली प्लगिनं हुडकली आणि सगळी जोडली. मास्तरांच्या फोटोवर भुरुभुरु बर्फ पडायला लागला. बाजूला केकची कृती आली. खाली चौकट उगवली: 'आपल्याला कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे आहे?'

"अरे, वैशाखातलं लग्न आणि बर्फ?" मास्तर ओरडले. "आणि नवरदेवाला दवाखान्यात कशाला धाडतोस?"

"पाच स्टार आहेत, काका!"

पुन्हा पुण्याला फोन. सुहासदादा वैतागला. "अरे, आपल्या कामाचं आहे का ते बघायला नको? जे आपल्या कामाचं नाही, ते काढून टाक!"

"हात्तिच्या, एवढंच ना!"

महिपतीनं बर्फ काढला, केक काढला, डॉक्टर काढले. मग त्याची नजर फोन नंबरवर गेली. हा नंबर तर आपलाच. आपण कधी स्वतःला फोन केलाय? नाही. म्हणजे आपल्या कामाचा नाही. काढला.

लोक पान बघत, 'वा वा' म्हणत आणि डीजेवाल्याला फोन करत. मास्तर मात्र फोन समोर ठेवून सबंध दिवस बसून राहायचे. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या," सुहासदादा फोनवर कडाडला, "काही करायच्या आधी विचारावं! विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही!"

"हात्तिच्या, एवढंच ना!"

महिपतीनं नंबर परत टाकला आणि आता प्रश्न विचारणारं प्लगिन बसवलं. पान उघडलं की ते विचारायचं, 'तुम्हाला खरंच बँड हवा आहे का?' हो म्हटलं की, 'नक्की ना?' पुन्हा हो म्हटलं की, 'घरच्यांना विचारलं का?' माळेवाडीच्या एका वरबापानं घरच्यांना विचारलं. घरचे म्हणाले, डीजे आणा.

"कुणाला काही विचारत बसू नकोस रे बाबा!" सुहासदादा रडकुंडीला आला. "लोकांना वेळ नसतो. कॅशचं प्लगिन लाव. ते एकदा दिलेलं पान जपून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच देतं. नव्यानं डोकं चालवायचंच नाही!"

हे मात्र महिपतीला फार आवडलं. पान चटकन उघडायला लागलं. आणि काय सांगू, चेअरमनसाहेबांचा स्वतःहून फोन आला! मास्तर उभं राहून बोलले, "हो साहेब, ती तारीख रिकामी आहे. आमचा बँड तुमचाच." फोन ठेवला आणि डोळे पुसले. बँड वाचला होता.

"आता फोन तू सांभाळ," ते महिपतीला म्हणाले. "मी पोरांची तालीम घेतो."

वैशाखातला शेवटचा मोठा मुहूर्त तो. अख्ख्या तालुक्याची लग्नं त्याच दिवशी. फोनवर फोन यायला लागले. महिपतीनं काकांचं उत्तर जपून ठेवलंच होतं. जो येईल त्याला तेच दिलं: "हो साहेब, ती तारीख रिकामी आहे. आमचा बँड तुमचाच." बायकांनाही साहेबच म्हणाला. गॅसच्या टाकीसाठी चुकून कुणाचा फोन आला, त्यालाही बँड देऊन टाकला.

लग्नाच्या सकाळी मास्तर नवे लाल कोट आणायला शिंप्याकडे गेले. इकडे अंगणात जीपगाड्यांची ही रांग लागली. "बँड आमचा! बँड आमचा!" धोतरं सुटायची वेळ आली. महिपतीनं घाईघाईनं पुण्याला फोन लावला. "दादा, फार गर्दी झालीय. सगळे एकदमच मागतायत!"

सुहासदादाला वाटलं, वेबसाइटवर गर्दी झालीय. त्याला आनंदच झाला. "मग लोड वाटून टाक! तुकडे करून ठेवायचे ठिकठिकाणी. जो जिथं असेल, त्याला तिथंच मिळालं पाहिजे. कुणाला उशीर झाला तर म्हणावं, लोड होतंय. अगदीच अडलं तर रिफ्रेश करा. मागे जायचं, परत यायचं. ठेवतो, मीटिंग आहे."

"हात्तिच्या, एवढंच ना!"

माळेवाडीला ढोल दिला. पिंपरीला ताशा. वाघोळीला नुसती झांज. कुणाला ट्रंपेट, कुणाला त्याची रिकामी पेटी. गॅसवाल्याला बत्ती धरणारा म्हातारा दिला. वाजवणारे 'अरे, पण' म्हणेपर्यंत जीपगाड्या निघूनही गेल्या. चेअरमनसाहेबांकडे मात्र घरचंच माणूस हवं, म्हणून महिपती स्वतः गेला.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव घोड्यावर बसून घामाघूम झाला होता. महिपती समोर उभा राहिला आणि खुळखुळा हलवायला लागला.

खुळ्ळ. खुळ्ळ.

"बँड कुठाय?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"लोड होतोय, साहेब."

खुळ्ळ. खुळ्ळ. मुहूर्त जवळ आला. घोडा झोपायला आला. वरबाप लालबुंद झाला.

"अहो, बँड कुठाय?"

"अडकलाय वाटतं," महिपती म्हणाला. "असं करा, रिफ्रेश करा. नवरदेवाला जानवशावर मागे न्या आणि परत आणा. येतो का नाही बघा!"

वरबापानं खरोखरच घोडा मागे फिरवला. साहेब घाबरले. हात जोडत मागोमाग धावले, आणि धावता धावता त्यांनी एक फोन केला.

जरा वेळानं नवरदेव परत आला. पुढे डीजेचा ट्रक. दणदणाटानं देवळाची घंटा आपोआप वाजायला लागली. साहेब कानांत बोटं घालून चालत होते.

तेवढ्यात नव्या लाल कोटांचा ढीग छातीशी धरून बापूमास्तर धापा टाकत पोहोचले. बघतात तो काय, डीजेच्या पुढे त्यांचाच पुतण्या, त्यांच्याच बँडचा जुना कोट घालून, बेभान होऊन खुळखुळा हलवतोय.

काकांना बघून त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्या गदारोळात तो गळा ताणून ओरडला, "काका! झालं! झालं लोड!"